मास्साबांची खंडेनवमीची डिस्क

इंगळे मास्साबांच्या घरून निघणं सोपं नाही. चहा संपला, कप खाली ठेवला, "बरं, येते मी" म्हणून तुम्ही उठायला गेलात की त्यांचा हात आडवा येतो. "थांबा! असं एकदम उठायचं नाही. आधी सांगायचं. मग मी बघणार, काही चालू आहे का. चालू असेल ते पूर्ण होऊ द्यायचं. मग मी म्हणणार, आता हरकत नाही. मग उठायचं." आणि हे त्यांचं बघणं दोन मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत कितीही चालतं. एकदा माझ्या घरी कुकर लागलेला होता आणि शिट्या त्यांच्या बैठकीत ऐकू येत होत्या. मास्साब शांतपणे म्हणाले, "वाजू द्या. घाईनं काढलं की डेटा जातो." डेटा राहिला असेल, वरण गेलं.

ही खरं म्हणजे कॉम्प्युटरमधून पेन ड्राइव्ह काढायची रीत. निवृत्तीला चार-पाच वर्षं राहिली असताना सरकारनं त्यांना आठ दिवसांच्या कॉम्प्युटर ट्रेनिंगला पाठवलं. बाकीचे मास्तर तिथे समोसे खाऊन परत आले, हे गुरुमंत्र घेऊन आले. तिथलं एकेक वाक्य त्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि मग सगळ्या जगाला लागू केलं. दूधवाल्यानं हाक मारली आणि हे अंघोळीला गेलेले असले, तर आतून ओरडतात, "लोड होऊन राहिलंय!" दूधवाला बिचारा भांडं ठेवून जातो.

दर्पण कॉलनीत आमच्या अगदी समोर त्यांचं घर. नाव यशवंत गणपत इंगळे, पण ग्वाल्हेरात मास्तर कुठल्याही भाषेचा असो, त्याचा 'मास्टर साहेब' आणि मग 'मास्साब' होतोच. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका लहानशा मराठी प्राथमिक शाळेत त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं. लग्न केलं नाही. का नाही, असं मी एकदा तोंडाळपणानं विचारलं, तर म्हणाले, "सुटीत करू, सुटीत करू म्हणता म्हणता सुट्या संपून गेल्या." आणि मग म्हणाले, "विषय संपला." मास्साबांनी 'विषय संपला' म्हटलं की आपण नीट मांडी घालून बसावं. विषय तिथूनच सुरू होतो.

दुसरा त्यांचा शब्द 'कायद्यानं'. हिंदीतल्या 'क़ायदे से'चं हे आमचं ग्वाल्हेरी रूप, म्हणजे नीट, व्यवस्थित. कायद्यानं बसा, कायद्यानं खा, पोळी कायद्यानं लाटा. माझी पुण्याची मावसबहीण आली होती, तिला ते म्हणाले, "कायद्यानं राहा चार दिवस." ती घाबरून मला विचारते, हे पोलिसात होते का गं?

पोलिसात नाही, पण फौजेत होते त्यांचे आजोबा. इथल्या संस्थानाच्या रिसाल्यात, म्हणजे घोडेस्वारांत. त्यांची तलवार मास्साबांच्या बैठकीत टीव्हीच्या वर लटकते. संस्थान विलीन झालं तेव्हा रिसालाही विलीन झाला, आणि आजोबा पुढे म्हणे आयुष्यभर सकाळी सहाला उठून नसलेल्या घोड्याला खरारा करायला जात. मास्साबांच्या नशिबी शाळा विलीन झाली. "आमच्या घराण्यात प्रत्येकाचं काही ना काही विलीन होतंच," असं ते मोठ्या अभिमानानं सांगतात, एखादी जहागीर सांगावी तसं.

शाळेचं झालं ते असं. मुलं कमी होत गेली. मराठी घरातलीच पोरं इंग्रजी शाळेत जायला लागली, त्यात माझा मुलगाही होता, ते मी कबूल करते. शेवटच्या वर्षी पटावर नऊ मुलं उरली. मग वरून कागद आला की ही शाळा शेजारच्या गल्लीतल्या मोठ्या हिंदी शाळेत मिळवायची. दोन्ही शाळांचं सामान, मुलं, रजिस्टरं, सगळ्याच्या याद्या करायच्या होत्या. तेव्हा मास्साब आणि त्या हिंदी शाळेचे हेडमास्तर तिवारीजी, दोघं एकाच दिवशी एकाच दुकानात गेले आणि अगदी एकसारख्या दोन हार्ड डिस्का घेऊन आले. कागदाची रजिस्टरं पुढे कुठल्याशा स्टोअरमध्ये पडली आणि त्यांना वाळवी लागली. म्हणजे आता ती शाळा जगात एकाच ठिकाणी उरली होती, मास्साबांच्या डिस्कमध्ये.

आणि डिस्कची काळजी म्हणाल तर विचारूच नका. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवाव्या. मास्साबांनी ठेवल्या होत्या. 'मूळ', 'प्रत' आणि 'प्रतीची प्रत' असे तीन फोल्डर. तिन्ही त्याच एका डिस्कमध्ये. मी म्हटलं, मास्साब, हे म्हणजे तिन्ही अंडी एकाच टोपलीत... ते म्हणाले, "मी अंडी खात नाही. विषय संपला." मग अर्धा तास अंड्यांवर बोलले.

तर गेल्या खंडेनवमीची गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण शस्त्रांची, अवजारांची पूजा करतो. आमच्याकडे विळी, शिवणयंत्र आणि ह्यांची स्कूटर एवढंच असतं, दहा मिनिटांत उरकतं. मास्साबांकडे मात्र तलवार, म्हणून कॉलनीतली चार माणसं बोलवायची पद्धत. त्या दिवशी त्यांच्याकडे आम्ही दोघंच पोचलो होतो. पाटावर लाल कापड, त्यावर तलवार, झेंडूची फुलं, सगळं कायद्यानं मांडलेलं. आणि तलवारीच्या शेजारी ती हार्ड डिस्क.

मी म्हटलं, हिची पूजा? बरं, हीही अवजारच, करा. तर मास्साबांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तिचं काळं प्लॅस्टिकचं कव्हर उघडायला लागले.

"मास्साब, हे काय?"

"तलवारीची पूजा म्यानात ठेवून करतात का कधी?" ते म्हणाले. "म्यानातून बाहेर काढतात. मग हिचंही म्यान काढायला पाहिजे ना?"

आमचे हे बँकेतले, कॉम्प्युटर रोज वापरणारे. त्यांनी म्हणायला नको होतं का काही? पण हे झेंडूची पाकळी न् पाकळी मोजत बसले होते. कव्हर निघालं, आतली हिरवी प्लेट दिसायला लागली. मास्साबांनी तिला वायर जोडून कॉम्प्युटरला लावली. निळा दिवा लुकलुकला. "आणि बंद शस्त्राची पूजा करत नाहीत. चालू पाहिजे," असं सांगून त्यांनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, लाल अक्षता वाहिल्या आणि झेंडूचं फूल तांब्यात बुडवून तलवारीवर आणि डिस्कवर सारखंच, कुठलाही भेदभाव न करता, पाणी शिंपडलं.

फुस्स असा लहानसा आवाज झाला. बारीक धूर वर आला. आमचे हे डोळे मिटून, हात जोडून म्हणाले, "वा! धूप चांगला आहे. कुठून आणलात?"

धूप अजून लावलाच नव्हता.

मास्साब काही क्षण हात तसेच वर धरून उभे राहिले. मग त्यांनी वायर काढली, परत लावली. निळा दिवा नाही. परत काढली, फुंकर मारली, पंच्यानं पुसलं, परत लावली. "लोड होऊन राहिलंय," ते म्हणाले. त्या दिवशी आम्ही उठलो तेव्हा त्यांनी थांबवलं नाही. हरकत आहे की नाही तेही सांगितलं नाही. मला कुकरच्या शिट्या परवडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला गेले तर मास्साब घरी नाहीत. दाल बाजारात गेले होते. कुणीतरी सांगितलं होतं की भिजलेलं यंत्र तांदळात पुरून ठेवलं की तांदूळ पाणी ओढून घेतो. दुकानदारानं पाच प्रकारचे तांदूळ दाखवले. मास्साबांनी प्रत्येकाचा दाणा चावून बघितला आणि विचारलं, "यापैकी सगळ्यात कोरडा कोणता?" दुकानदार म्हणाला, "साहब, पुलाव के लिए ये लीजिए." मास्साब म्हणाले, "खाना नहीं है. इलाज करना है." दुकानदारानं कसली दवा म्हणून विचारलं नाही, हे नशीब.

पाच दिवस डिस्क पातेल्यात, तांदळाखाली. मास्साब दिवसातून तीनदा झाकण काढून बघत, भात झालाय का बघावं तसं. सहाव्या दिवशीही दिवा लागला नाही. मग मात्र मी म्हटलं, पुरे झाला स्वयंपाक. चला, सिटी सेंटरला कुणीतरी हे काम करणारा बसतो, त्याच्याकडे जाऊ. माझ्या स्कूटीवर मागे मास्साब, त्यांच्या मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात डिस्क. सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या बाईनं विचारलं, "लड्डू हैं क्या?" मास्साब म्हणाले, "स्कूल है."

तळघरातल्या त्या दुकानात सक्सेना नावाचा माणूस बसला होता. चष्म्यावर आणखी एक भिंग लावलेलं, चेहरा असा की त्याच्या हयातीत कुणी चांगली बातमी आणलीच नाही. त्यानं डिस्क दिव्याखाली धरली. चिमट्यानं एक दाणा उचलला.

"ये लाल क्या है?"

"अक्षता," मास्साब म्हणाले.

"और ये सफ़ेद?"

"वो सुखाने का."

"और ये पीला?"

"हल्दी. थोड़ी."

सक्सेनानं भिंग वर केलं. "पूजा करी थी?"

"क़ायदे से," मास्साब म्हणाले.

सक्सेना हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्यानं सगळं पुसलं, तारा लावून बघितलं आणि सांगितलं की प्लेट जळली आहे, पण आतली तबकडी, जिच्यावर सगळं लिहिलेलं असतं, ती बहुतेक शाबूत आहे. अगदी याच मॉडेलची, याच खेपेतली दुसरी डिस्क मिळाली तर तिची प्लेट हिला लावून माल काढता येईल. नवीन मिळणार नाही, कंपनीनं ती बनवणं केव्हाच बंद केलं. "इसका जुड़वाँ भाई ढूँढ के लाओ," तो म्हणाला.

मला एकदम हायसं वाटलं. जुळा भाऊ कुठे आहे ते तर आम्हाला माहीतच होतं! मी वळून बघितलं तर मास्साब जिना चढून वर निघूनही गेले होते.

"त्याच्याकडे जायचं नाही," स्कूटीपाशी ते म्हणाले. "विषय संपला."

आता हे सांगायलाच हवं. शाळा मिळवल्यावर मास्साबांना निवृत्तीपर्यंत दोन महिने तिवारीजींच्या हाताखाली काढायचे होते. तिकडे एकेका वर्गात साठ-साठ मुलं. तिवारीजी हजेरी नंबरानं घेत. पहिल्याच दिवशी मास्साबांनी ऐकलं, "रोल नंबर सत्तावन!" आणि त्यांच्या शाळेतली एक मुलगी गोंधळून इकडेतिकडे बघत राहिली. मास्साब भर वर्गात ओरडले, "ये बच्ची है कि रेल का डिब्बा?" तिवारीजी शांतपणे म्हणाले, "मास्साब, नौ बच्चों में नाम लेना आसान होता है."

हे 'नौ' मास्साबांच्या फार जिव्हारी लागलं. निरोपसमारंभाला ते गेले नाहीत. हार आणि शाल शिपायाबरोबर घरी आली. त्याला आता सहा वर्षं झाली. दोघं रोज सकाळी एकाच बागेत फिरायला जातात. एक उजवीकडून गोल फिरतो, एक डावीकडून, तोंड बघायला नको म्हणून. त्यामुळे प्रत्येक फेरीत दोनदा समोरासमोर येतात आणि दोनदा मान फिरवतात. हे गणित इतकी वर्षं मुलांना गणित शिकवणाऱ्या दोन माणसांच्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे.

वाटेत मी चिडले. म्हटलं, "मास्साब, कमाल करता! तुमचा मान मोठा की शाळा? जाऊ दे ती शाळा मग, मी काय म्हणते! रोज रोज डबा घेऊन हिंडायला मला वेळ नाही."

स्कूटीच्या आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. मी गाडी बाजूला घेतली.

"त्यात शेवटच्या दिवसाची हजेरी आहे," ते म्हणाले.

त्या शेवटच्या वर्षी मास्साब रोजची हजेरी मोबाइलवर रेकॉर्ड करत. कागदाचा भरवसा नाही म्हणून. पुढे ते सगळं त्यांनी डिस्कमध्ये उतरवून ठेवलं. शेवटच्या दिवशी नऊच्या नऊ मुलं आली होती. शाळा सुटताना पुन्हा एकदा नावं घेऊन झाली. मग तिसरीतली रेवा माने उठली आणि म्हणाली, सर, तुमचं नाव राहिलं. तिनं रजिस्टर ओढून घेतलं आणि मास्साबांचं नाव पुकारलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

"आणि?"

"मला नाही बोलता आलं," मास्साब म्हणाले. "मी उठून बाहेर नळावर गेलो. तोंड धुवायला. बराच वेळ धुतलं. परत आलो तर ऑटो येऊन मुलांना घेऊनही गेला होता. मोबाइल टेबलावर तसाच चालू. पुढे वर्गात काय झालं ते सगळं त्यात आहे. मी कधी ऐकलं नाही."

"सहा वर्षांत?"

"नळावर जातो तिथपर्यंत ऐकतो आणि बंद करून टाकतो. पोरं हसली असतील. नाही तर म्हणाली असतील, बघा, सर पळाले. वाटायचं, आहे ना तिथं, ऐकू कधीतरी." ते डब्याचं झाकण उगाच दाबत राहिले. "आणि मीच पाणी मारलं त्याच्यावर."

गाडी तिवारीजींच्या घराकडे वळवली. ते नको म्हणाले नाहीत.

तिवारीजींनी दार उघडलं ते बनियनवर. समोर मास्साब. दोघांच्याही माना सवयीनं बाजूला वळल्या आणि मग परत समोर आल्या. रस्ताभर मास्साबांनी एक वाक्य पाठ केलं होतं, ते त्यांनी म्हटलं, "मैं शैक्षणिक काम से आया हूँ." पुढचं त्यांना सुचेना, म्हणून मीच सगळं सांगितलं. पूजेसकट. हजेरी तेवढी नाही सांगितली.

तिवारीजी आत गेले आणि शर्ट घालून, डिस्क घेऊन आले. "ले जाइए," ते म्हणाले. "बस इसमें पोती के जन्मदिन की फ़ोटो हैं. वो उतारना हमें आता नहीं."

मास्साब ताठ झाले. डिस्कमधलं कॉम्प्युटरवर उतरवणं त्यांना येत होतं! कॉम्प्युटर चालू झाला, वायर लागली, आणि पडद्यावर हिरवी पट्टी आली: तीन तास वीस मिनिटं बाकी. आणि चालू काम सोडून उठायचं नाही, हा नियम तर जगजाहीर. मी घरी जाऊन स्वयंपाक करून परत आले, तर दोन म्हातारे एका सोफ्यावर शेजारी शेजारी बसून त्या पट्टीकडे बघत होते. तिवारीजी चहा सांगायला उठले तर मास्साब म्हणाले, "बैठिए. चल रहा है." आणि ते बसले!

पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा तिवारीजी आपणहून बोलायला लागले. पट्टीकडे बघतच. अमोल काळे आता बारावीत आहे, गणितात चांगला आहे. शिंद्यांची जुळी भोपाळला गेली. तो सुमित, ज्याला सारखी सर्दी असायची, त्याची उंची एवढी वाढली. रेवा माने कबड्डी खेळते. एकेक करून त्यांनी नऊच्या नऊ मुलांची हकिगत सांगितली. एकाचाही नंबर सांगितला नाही.

मास्साबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मैं उस दिन ज़ोर से बोल गया था."

"हम भी धीरे से बोल गए थे," तिवारीजी म्हणाले. "वो ज़्यादा लगता है."

दहाव्या दिवशी सक्सेनाचा फोन आला. गाडीवर दोघांनाच जागा, म्हणून मी पुढे आणि दोघं मास्तर रिक्षातून मागे. तळघरात सक्सेना तोच तो चेहरा करून बसला होता, मला वाटलं, संपलं सगळं. तर म्हणाला, "सब आ गया. लेकिन एक बात समझ में नहीं आई, हर चीज़ तीन-तीन बार क्यों है?"

"सुरक्षा के लिए," मास्साब म्हणाले. तिवारीजींनी मान डोलावली. त्यांना ते पटलं असावं.

"एक खोलके देख लीजिए. कौन-सी फ़ाइल?"

मास्साबांनी पडद्यावर बोट ठेवलं. मी म्हटलं, "मास्साब, आम्ही बाहेर थांबू का?" ते म्हणाले, "नको. बसा."

आधी मास्साबांचा आवाज आला, सहा वर्षांपूर्वीचा, खणखणीत. अमोल काळे. हजर! सुमित जाधव. हजर, सर, आणि एक शिंक. नऊ नावं झाली. मग रेवाचा बारीक आवाज, "सर, तुमचं नाव राहिलं." हसण्याचे आवाज. रजिस्टर ओढल्याची खरखर. "यशवंत गणपत इंगळे!"

खुर्ची सरकली. चपलांचा आवाज दूर दूर गेला. इथे मास्साबांचा हात माउसकडे गेला होता. तिवारीजींनी तो धरला.

शांतता. मग परत रेवा, जरा घाबरून, "यशवंत गणपत इंगळे?"

"सर नळावर आहेत," कुणीतरी कुजबुजलं.

"रडतायत?"

"गप ना."

"मग गैरहजर लिहू?"

"ए, वेडी आहेस का? सरांची गैरहजेरी लावतात का?"

थोडा वेळ नुसतीच कुजबुज. मग कुणी तरी एक, दोन, तीन म्हटलं, आणि नऊच्या नऊ पोरं एकदम, शाळा हादरेल अशी ओरडली, "हजर!"

आणि मग हसणं, बाकं सरकवणं, बाहेर ऑटोचा हॉर्न. बऱ्याच वेळानं परत येणाऱ्या चपला, आणि फाइल संपली.

मी तर सरळ पदर डोळ्याला लावला, मला नाही लाज वाटत सांगायला. सक्सेनासुद्धा भिंग काढून पुसत होता. मास्साब पडद्याकडे बघत बसले होते, आणि मग त्यांनी एकदम घसा खाकरला. "ही प्रॉक्सी आहे," ते म्हणाले. "माझ्या वर्गात प्रॉक्सी चालत नाही. एकतीस वर्षांत कुणाची चालू दिली नाही मी."

"मास्साब, हाज़िरी लग चुकी," तिवारीजी म्हणाले. "छह साल हो गए. अब नहीं कटेगी."

"बंद कर दूँ?" सक्सेनानं विचारलं.

"नहीं," मास्साब म्हणाले. "फिर से लगाइए."

ते खुर्चीवरून उठले. शर्टाची वरची गुंडी लावली, हात बाजूला सरळ सोडले, पहिलीतलं पोर उभं राहतं तसे उभे राहिले. परत नऊ नावं झाली. परत रजिस्टर ओढलं गेलं. "यशवंत गणपत इंगळे!"

"हजर," मास्साब म्हणाले.

रेवाला ते कुठून ऐकू येणार? चपलांचा आवाज दूर गेला, आणि तिनं घाबरून परत विचारलं, "यशवंत गणपत इंगळे?"

"आहे गं बाळा," मास्साब म्हणाले. "हजर आहे."